उन्हाळ्यात मंदावणारा लॅपटॉप आणि वॅटचा हिशेब

आमच्या वाचनालयात पन्नास-साठच्या दशकांतील मासिकांचे बांधीव अंक आहेत आणि त्यांची पाने स्कॅन करून त्यांतील मजकूर संगणकाकडून ओळखून घेण्याचे काम मी गेली काही वर्षे फावल्या वेळात करते आहे. या कामासाठी मी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर वापरते, कारण त्याला मराठी वाचता येते. माझ्याकडचा लॅपटॉप २०११ सालच्या पिढीचा आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-५ २५२०एम हा प्रोसेसर आहे. त्याला दोन गाभे (स्वतंत्रपणे काम करणारे कोअर) असून मूळ गती २.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज ठोके, आहे. टर्बोमध्ये, म्हणजे मूळ गतीहून वर जाण्याची मुभा असताना, एकच गाभा कामात असेल तर ३.२ पर्यंत आणि दोन्ही असतील तर ३.० पर्यंत ती जाते. हिवाळ्यात एका पानाला साधारण पंधरा सेकंद लागत. मे महिन्यात तेच सॉफ्टवेअर, तशीच पाने आणि तोच लॅपटॉप असूनही एका पानाला वीस सेकंद लागू लागले, आणि चारशे पानांचा एक खंड संपवताना हा फरक अर्ध्या तासाहून अधिक झाला.

दुरुस्ती करणाऱ्या दोघांना विचारले तेव्हा दोघांचेही उत्तर एकच होते, की यंत्र जुने झाले, आता ते मंद होणारच. हे उत्तर मला पटले नाही. प्रोसेसर म्हणजे काही घासून झिजणारा दगड नव्हे. नेहमीच्या वापरात तो जोवर चालतो तोवर एका ठोक्याला जेवढे काम पहिल्या दिवशी करत होता तेवढेच आजही करतो. बदलते ती त्याच्या भोवतीची परिस्थिती, म्हणजे पंख्यावरची धूळ, प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा धातू यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट, थकलेली बॅटरी, बदललेला चार्जर आणि खोलीतील हवा. या प्रत्येक गोष्टीपासून प्रोसेसरवर एक मर्यादा येते, आणि त्या क्षणी जी मर्यादा सर्वांत कडक असेल तिच्यावर यंत्राची गती ठरते. म्हणून जुना लॅपटॉप मंद वाटला, तर आधी तो कोणत्या मर्यादेला टेकला आहे हे मोजून पाहावे आणि मगच खर्चाचा विचार करावा, असे माझे मत झाले आहे. मत बनवताना जे शिकले ते येथे लिहून ठेवते.

प्रोसेसर वीज कशी खातो हे आधी पाहू. त्यातील कोट्यवधी ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना सूक्ष्म विद्युतभार भरतात आणि रिकामा करतात. यासाठी लागणारी शक्ती क्लॉकच्या, म्हणजे ठोक्यांच्या, गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. अधिक गती हवी असेल तर सहसा व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे शेवटच्या थोड्या गतीसाठी फार मोठी किंमत मोजावी लागते. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण जानेवारी २००० मधील आहे. इंटेलने तेव्हा लॅपटॉपसाठीच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप ही गती आणि व्होल्टेज उतरवण्याची सोय आणली. चार्जर जोडलेला असताना ६५० मेगाहर्ट्झवर आणि १.६ व्होल्टवर चालणारा हा प्रोसेसर बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरत असे. कागदावर गुणाकार करून पाहिल्यास गती २३ टक्क्यांनी कमी होते आणि चालू-बंद होण्यातील वीज मात्र सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते. लॅपटॉपच्या वीजव्यवस्थापनाचा पुढचा सारा इतिहास या एका गुणाकाराभोवती फिरतो, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा भाग गळतीचा आहे. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि चिप जितकी तापलेली तितकी ही गळती अधिक. १९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले होते, की ट्रान्झिस्टर लहान करत गेल्यास व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येते आणि तेवढ्याच जागेतील उष्णता वाढत नाही. पुढची तीन दशके हा नियम उद्योगाच्या कामी आला. मात्र गळतीमुळे व्होल्टेज आणखी खाली नेणे कठीण होत गेले आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर तो नियम लंगडा पडला. २००४ साली आलेला, आणखी लहान (९० नॅनोमीटर) ट्रान्झिस्टरांचा पेंटियम फोर एवढा तापत असे, की त्याचा नियोजित वारसदार इंटेलने त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेतही सोडून दिला. लॅपटॉपच्या बाजूने उत्तर आधीच तयार होते. इस्राएलमधील हैफा येथील चमूने घडवलेला पेंटियम एम मार्च २००३ मध्ये आला होता. १.६ गिगाहर्ट्झच्या त्या प्रोसेसरसाठी २४.५ वॅट एवढीच उष्णता धरलेली होती, आणि क्लॉकचा आकडा लहान असूनही एका ठोक्यात अधिक काम करून तो मोठ्या आकड्यांच्या पेंटियम फोरशी टक्कर देत असे. गिगाहर्ट्झचा आकडा एकटा वाचू नये, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

आता ज्या आकड्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे त्या टीडीपीकडे, म्हणजे थर्मल डिझाइन पॉवरकडे, वळते. माझ्या प्रोसेसरचा टीडीपी ३५ वॅट आहे. याचा अर्थ तो सतत ३५ वॅट खातो असा नाही. तो आकडा मुख्यतः हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) आणि पंखा बनवणाऱ्या अभियंत्यासाठी आहे: दीर्घकाळ जड काम चालू असताना एवढी उष्णता बाहेर काढता येईल अशी सोय करा, असे तो सांगतो. मी नुसते टंकलेखन करत असते तेव्हा प्रोसेसर पाच वॅटही खात नाही. उलट काही सेकंदांसाठी तो ३५ च्या वरही जाऊ शकतो आणि तशी परवानगी त्याला मुद्दाम दिलेली असते.

ती परवानगी इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून, म्हणजे माझ्याच प्रोसेसरच्या पिढीपासून, नीट आकड्यांत बांधली गेली. त्यासाठी दोन मर्यादा असतात. पहिली दीर्घकाळची, जी सहसा टीडीपीएवढी असते. दुसरी थोड्या वेळासाठीची, जी तिच्याहून मोठी असते. तवा चुलीवर ठेवताक्षणी तापत नाही, तसेच तांब्याच्या हीटसिंकलाही तापायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरने जादा वीज खाल्ली तरी बिघडत नाही. प्रोसेसर आपल्या वापराची चालती सरासरी ठेवतो. तो थोडा वेळ रिकामा बसला असेल तर सरासरी खाली आलेली असते आणि काम येताच त्याला उसनवारी करता येते. सरासरी दीर्घकाळच्या मर्यादेला पोहोचली की उसनवारी बंद होते आणि गती खाली येते. या सरासरीचा कालावधी अनेक लॅपटॉपमध्ये २८ सेकंद ठेवलेला असतो.

हे उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर माझ्या मुलाकडच्या लॅपटॉपसारखे यंत्र हवे. त्यात २०१७ चा आय-५ ८२५०यू आहे: चार गाभे, टीडीपी १५ वॅट, मूळ गती १.६ आणि टर्बो ३.४ गिगाहर्ट्झ. चारही गाभ्यांना काम दिले की पहिला अर्धा मिनिट तो ३.४ वर धावतो आणि त्या काळात १५ वॅटच्या दुपटीहून अधिक वीज खातो. मग कोणीतरी कळ दाबावी तसा तो १५ वॅटवर येतो आणि गती २.४ च्या आसपास स्थिरावते. त्या वेळी तापमान जेमतेम ७० अंश असते. पंखा स्वच्छ असतो, पेस्ट चांगली असते, काहीही बिघडलेले नसते. कंपनीने घालून दिलेली वॅटची मर्यादा तेवढी काम करत असते. अशा यंत्रावर थर्मल पेस्ट बदलून गती वाढणार नाही, आणि हे न मोजता कळत नाही.

मोजण्याची साधने फुकट आहेत. लिनक्सवर मी टर्बोस्टॅट वापरते. ते दर काही सेकंदांनी प्रत्येक गाभ्याची खरी गती, चिपचे तापमान आणि संपूर्ण प्रोसेसरने खाल्लेले वॅट दाखवते. वॅटचा हा आकडा सँडी ब्रिजपासून प्रोसेसर स्वतःच देतो, त्यामुळे त्याहून जुन्या यंत्रांवर तो मिळत नाही. विंडोजवर थ्रॉटलस्टॉप आहे आणि त्यातील मर्यादांची कारणे दाखवणारी खिडकी मला फार उपयोगी वाटते, कारण कोणत्या मर्यादेने गती अडवली त्या नावासमोर तेथे रंग दिसतो. एक पथ्य मात्र पाळावे. काम सुरू करून निदान दहा मिनिटे थांबावे आणि मगच आकडे लिहून घ्यावेत. पहिल्या मिनिटातील आकडे उसनवारीचे असतात.

माझ्या लॅपटॉपवर मे महिन्यातील एका दुपारी जे दिसले ते असे. माझी खोली माळ्यावर आहे आणि तेथे कूलर नाही. अकोल्यात त्या दिवसांत बाहेर ४४ अंश असतात, खोलीत ४० होते. काम सुरू होताच गती ३.० गिगाहर्ट्झ आणि वीज ३१ वॅट दिसली. दीड मिनिटात तापमान १०० अंशांना टेकले. ही माझ्या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे, आणि ती आली की तो स्वतःच गती आणि व्होल्टेज कमी करून स्वतःला वाचवतो. पुढे गती २.३ ते २.४ च्या मध्ये वरखाली होत राहिली आणि वीज २२ वॅटवर आली. म्हणजे ३५ वॅटची मर्यादा कधी लागलीच नाही. तिच्या कितीतरी आधी तापमानाने अडवले.

येथे एक साधा भागाकार कामी येतो, आणि तो शाळेतल्या गणिताएवढाच आहे. चिपचे तापमान वजा खोलीचे तापमान, भागिले वॅट. माझ्या बाबतीत १०० वजा ४० म्हणजे ६०, भागिले २२, म्हणजे सुमारे २.७. याचा अर्थ दर एका वॅटमागे चिप खोलीहून २.७ अंशांनी अधिक तापते. हा आकडा त्या लॅपटॉपच्या थंड होण्याच्या क्षमतेचा आहे आणि तो ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. आता डिसेंबरची रात्र धरू. खोलीत १८ अंश असतील, तर चिपला १०० पर्यंत जायला ८२ अंशांचा वाव आहे, आणि ८२ भागिले २.७ म्हणजे ३० वॅट. माझ्या कामाला लागणारी वीज जवळजवळ तेवढीच असल्याने हिवाळ्यात मला काहीच जाणवत नव्हते. हीटसिंक तेव्हाही तेवढीच चोंदलेली होती; हिवाळ्याच्या गारव्याने ती उणीव झाकली आणि मे महिन्याने ती उघडी केली. पाश्चात्य संकेतस्थळांवरील चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाने त्यातील तापमानाच्या आकड्यांत पंधरा-वीस अंश मिळवूनच ते वाचावेत.

मग लॅपटॉप उघडला. पंख्याची पाती वरवर स्वच्छ दिसत होती, परंतु पंखा आणि हीटसिंकच्या पातळ पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. बाहेरून हवा मारून तो निघत नाही, पंखा सोडवूनच काढावा लागतो. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती अल्कोहोलने पुसून नवी लावली. स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळत गेले, म्हणजे दाब सारखा पडतो. या सर्व कामाला एक संध्याकाळ लागली आणि पेस्टची लहान नळी एवढाच खर्च आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खोलीत तीच पाने चालवली. गती ३.० वर स्थिर राहिली, तापमान ८७ च्या पुढे गेले नाही, आणि वीज २९ वॅट दिसली. भागाकार आता १.६ च्या आसपास येतो. यातील ३१ वरून २९ वॅट झाल्याचे पाहून मला विशेष आनंद झाला, कारण गळतीचे पुस्तकी ज्ञान प्रत्यक्ष आकड्यात दिसले: तेवढीच गती आणि तेवढेच काम, पण चिप कमी तापलेली असल्याने दोन वॅट वाचले. एका पानाला पुन्हा पंधरा सेकंद लागू लागले.

हे काम चालू असतानाच पुण्याहून भाचीचा फोन आला. तिचा लॅपटॉप माझ्याहून नवा असूनही ब्राउझर उघडायला मिनिट घेत होता. "मावशी, दुकानात विंडोज नवीन टाकून दिलं, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तरी तसाच आहे," असे ती सांगत होती. मी तिला टास्क मॅनेजरमधील गतीचा आकडा वाचायला सांगितले. तो ०.७९ गिगाहर्ट्झ होता आणि काहीही केले तरी हलत नव्हता. तापमान ४५ अंश होते. वीज तीन वॅट होती. ना उष्णतेची मर्यादा, ना वॅटची.

इंटेलच्या प्रोसेसरला एक तार अशी असते, की जिच्यावरून तो स्वतः तापल्याची वर्दी देतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही तार दोन्ही दिशांनी काम करते, म्हणजे मदरबोर्डवरील दुसरा कोणताही भाग तीच तार ओढून प्रोसेसरला सांगू शकतो, की मी संकटात आहे, तू थांब. तसे झाले की प्रोसेसर आपल्या सर्वांत खालच्या गतीला उतरतो, आणि त्या पिढ्यांत ती गती ८०० मेगाहर्ट्झ आहे. हाक मारणारा भाग वीजपुरवठ्याचे सर्किट असू शकतो, बिघडलेला तापमान-संवेदक असू शकतो, किंवा चार्जर असू शकतो. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन असते आणि तिच्यावरून चार्जर आपली ओळख व वॅट सांगतो. ती ओळख पटली नाही, तर लॅपटॉप असे गृहीत धरतो, की पुरेशी वीज मिळणार नाही, आणि गती दाबून टाकतो. भाचीने चार महिन्यांपूर्वी बाजारातून पर्यायी चार्जर घेतला होता. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) पाहिल्यावर चार्जरचा प्रकार अज्ञात असे लिहिलेले निघाले. मैत्रिणीकडचा मूळ चार्जर लावताच गती अडीचच्या वर गेली. तिने एसएसडीवर आणि दुरुस्तीवर केलेला खर्च चांगल्या चार्जरच्या किमतीहून जास्त होता, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण दुकानात कोणी एकदा गतीचा आकडा वाचला असता तर तो खर्च टळला असता.

थ्रॉटलस्टॉपमध्ये या तारेकडे दुर्लक्ष करण्याची सोय आहे आणि अनेक जण ती सुचवतात. मी ती सरसकट सुचवणार नाही. संवेदकच बिघडला आहे याची खात्री असेल तर ती सोय तात्पुरती वापरता येते. पण वीजपुरवठ्याचे सर्किट खरोखरच तापत असेल, किंवा हलका चार्जर भार सोसत नसेल, तर त्या हाकेकडे कानाडोळा केल्याने मदरबोर्ड जाऊ शकतो. चार्जरचा हिशेब मांडून पाहिला तर भीती निराधार नाही हे कळते. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. त्यातून प्रोसेसरला ३५, बॅटरी भरण्यासाठी २०-२५, आणि पडदा, डिस्क, वायफाय यांना उरलेले. मोठ्या लॅपटॉपला ९० वॅटऐवजी ६५ चा चार्जर लावला तर काहीतरी मागे ठेवावेच लागते. बॅटरीचेही तसेच आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे टर्बोने एकदम प्रवाह मागितला की तिचे व्होल्टेज कोसळते आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही लॅपटॉप बंद पडतो. काही लॅपटॉप बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवले तरी गती कमी करतात, कारण क्षणिक मागणीच्या वेळी हातभार लावायला बॅटरी तेथे नसते.

व्होल्टेज कमी करून तीच गती राखण्याचा मार्गही एके काळी सर्वांना खुला होता. इंटेलच्या आधीच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरांच्या काळात तो सोपा होता; माझ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरवर ती सोय नाही; २०१३ च्या हॅसवेल या पिढीपासून ती पुन्हा मिळाली. मुलाच्या लॅपटॉपवर ८० मिलिव्होल्ट कमी केल्यावर त्याच १५ वॅटमध्ये गती अडीचच्या पुढे टिकत असे. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाने प्रसिद्ध झालेला सुरक्षादोष उघड झाला. व्होल्टेज बदलण्याच्या याच सोयीचा गैरवापर करून प्रोसेसरच्या संरक्षित कप्प्यातील गणितात चुका घडवता येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतरच्या बायोसांनी ती सोय बऱ्याच यंत्रांवर बंद केली, मुलाच्याही.

जुने लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मुंबई-पुण्यातील कंपन्यांतून बदललेले लॅपटॉप आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विकले जातात आणि विक्रेता सांगतो ते फक्त आय-५, आय-७ आणि पिढी. त्यापेक्षा प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर विचारावे. २०१२ चा आय-५ ३३२०एम हा ३५ वॅटचा असून २.६ ते ३.३ गिगाहर्ट्झवर चालतो. २०१३ चा आय-५ ४२००यू हा १५ वॅटचा असून १.६ ते २.६ वर चालतो. दोघांनाही दोनच गाभे. पिढी एकाने पुढची असली तरी तासभर चालणाऱ्या कामात जुना पुढे राहतो, आणि बॅटरीवर मात्र नवा कितीतरी अधिक टिकतो. आपले काम कोणते, यावर निवड करावी. माझ्या पिढीच्या अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर खाचेत बसवलेला असल्याने चार गाभ्यांचा बसवू का, असेही काही जण विचारतात. तो ४५ वॅटचा असतो, हीटसिंक ३५ ची असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात या व्यवहारातून हाती फारसे लागत नाही.

आता काटकसरीचा प्रश्न. पुष्कळ जण वीज वाचावी म्हणून लॅपटॉप सर्वांत कमी गतीवर ठेवतात. माझ्या चारशे पानांसारखे ठरावीक काम असेल, तर हे उलट पडते. हिशेबासाठी असे धरू, की प्रोसेसर सोडून पडदा आणि इतर भाग मिळून १० वॅट खातात. ३.० गिगाहर्ट्झवर प्रोसेसर ३० वॅट घेतो आणि काम एका तासात होते: एकूण ४० वॅट-तास. टर्बो बंद करून २.५ वर ठेवले तर प्रोसेसर साधारण २१ वॅट घेईल, काम एक तास बारा मिनिटांत होईल: सुमारे ३७ वॅट-तास. आणि ८०० मेगाहर्ट्झवर प्रोसेसर पाचच वॅट घेईल, पण काम पावणेचार तास चालेल आणि तेवढा वेळ ते बाकीचे १० वॅट चालूच राहतील: ५६ वॅट-तास. सर्वांत मंद चाल सर्वांत महाग पडते. टर्बो बंद ठेवण्याचा मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वीज थोडी वाचते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते व पंख्याचा आवाज कमी होतो. विंडोजमध्ये वीजयोजनेतील प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के केली की सहसा टर्बो बंद होतो.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र वेगळा विचार करावा लागतो. माझ्या प्रोसेसरमधील चित्र-विभागाला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडता येतो, पण यूट्यूब बहुधा व्हीपी९ हा दुसरा प्रकार पाठवते आणि तो उलगडणे त्याला येत नाही. मग तेच काम दोन्ही गाभ्यांना सॉफ्टवेअरने करावे लागते, आणि एक साधे व्याख्यान ऐकतानाही लॅपटॉप तापतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ चीच मागणी करणारे लहानसे विस्तारक बसवल्यावर माझ्याकडे पंखा शांत झाला.

एवढे करूनही एक मर्यादा अशी उरते, की जिच्यावर ना पेस्ट चालते ना चार्जर. टेसरॅक्टचे गणित एव्हीएक्स २ या, एका आज्ञेत अनेक आकडे हाताळणाऱ्या, आज्ञासंचावर वेगाने चालते, आणि तो संच हॅसवेलमध्ये, म्हणजे माझ्या प्रोसेसरनंतर दोन वर्षांनी आला. मुलाचा १५ वॅटचा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर आवरलेला असतानाही माझ्या २९ वॅटच्या प्रोसेसरला सहज मागे टाकतो: गाभे दुप्पट, आणि एका ठोक्यात होणारे कामही अधिक. माझा लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून तो पूर्णपणे लिनक्सवर आहे.

मासिकांचे सात खंड अजून बाकी आहेत. मे-जूनमध्ये मी पहाटे पाचला काम लावते, तेव्हा खोलीत २९-३० अंश असतात, टर्बो बंद असतो आणि तापमान ७० च्या खाली राहते. एका पानाला अठरा सेकंद. सकाळी साडेसातला ऊन माळ्यावर येईपर्यंत एका खंडाची चारशे पाने झालेली असतात.